उभी जाड, आडवी बारीक

आमच्या घरात दोन वास कायम मुक्कामाला असत, तारपिनाचा आणि वाळवलेल्या झिंग्यांचा. खोल्या दोनच, त्यामुळे त्यांची वाटणी करणं शक्य नव्हतं. बाबा राजुऱ्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, लग्नातले स्वागताचे फलक, नाटकांचे बॅनर, जे येईल ते रंगवायचे. आई-बाबा दोघंही तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरातले. बाबांनी जाळं सोडून ब्रश धरला, आईनं काही सोडलं नाही. ती गावाकडून झिंगे आणून आठवडी बाजारात विकायची. पावसाळा संपला की अंगणात एका बाजूला तिचे झिंगे वाळत आणि दुसऱ्या बाजूला बाबांच्या पाट्या, आणि वारा सुटला की दोघांची भांडणं सुरू होत. झिंग्याचं टरफल उडून ओल्या रंगाला चिकटलं की बाबा म्हणत, "हे पाहा, सोनाराच्या दुकानावर मासोळी बसली." आई म्हणे, "बसू द्या, गिऱ्हाईक तरी थांबन." मी एकोणीस वर्षांची होते आणि मला या घरात एका जागी बसवत नव्हतं. मागच्या बाजूला एस.टी. स्टँड होता. कंडक्टरची 'नागपूर, नागपूर' ही आरोळी ऐकू आली की जेवता जेवता माझा पाय हलायला लागायचा आणि आई त्या पायावर चापट मारायची.

बाबांचं अक्षर आख्ख्या तालुक्यात ओळखू यायचं. तरुणपणी त्यांना कुठल्याशा परदेशी पावडरीचा रिकामा डबा सापडला होता. त्यावरच्या इंग्रजी अक्षरांत उभी रेघ चांगली जाडजूड, आडवी मात्र केसाएवढी, आणि टोकांना नाजूक पाय फुटलेले. इंग्रजी बाबांना येत नव्हतं. डब्यावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. त्यांनी ते रूप उचललं आणि आपल्या लिपीला चढवलं. काना सागाच्या खांबासारखा सरळ, भरगच्च. शिरोरेषा मात्र जाळ्याच्या धाग्याएवढी. एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारे जोड असे की जवळ गेल्याशिवाय दिसू नयेत. लोक पाटीसमोर उभे राहून मान वाकडी करून बघायचे. चंद्रपूरच्या एका साडीवाल्यानं तर आपली जुनी, चांगली धडधाकट पाटी उतरवून बाबांकडून नवी करून घेतली होती.

अशा अक्षरांना जगात नावं आहेत, घराणी आहेत, हे मला फार नंतर कळलं. आज मी त्याच जातीचे मराठी फॉन्ट करून पोट भरते. दागिन्यांच्या दुकानांना, लग्नपत्रिकांना, पैठणीच्या पिशव्यांना ते लागतात. माझ्याकडे येणारी तरुण मंडळी मोबाईल पुढे करून म्हणतात, "मॅडम, एलिगंट हवं, हेअरलाइन अजून बारीक करता येईल का?" मी म्हणते, तो मोबाईल भिंतीला टेकवून ठेवा, दाराशी जाऊन उभे राहा आणि मग बोला. मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

जाड रेघ त्या मानानं सोपी. खडूच्या सुतानं दोन बाजू आखायच्या, चपट्या ब्रशनं मधलं भरायचं, चुकलं तर पुसून पुन्हा भरायचं. बारीक रेघेला दुसरी संधी नसते. लांब केसांचा ब्रश घ्यायचा, रंगात तारपीन बेतानं घालायचं, श्वास धरायचा आणि एका ओढीत पलीकडे जायचं. मध्ये हात थांबला की तिथं गाठ येते, आणि ती रस्त्याच्या पलीकडून दिसते. मी सतरा वर्षांची असताना बाबांनी एका औषधांच्या दुकानाची पाटी केली. तिची शिरोरेषा अक्षरांना शिवलीच नाही, दोन बोटं वरून निघून गेली. मला वाटलं थट्टा करताहेत. ते मागे सरले, मान तिरकी केली आणि विचारलं, "कशी वाटते, मंदे?"  दुसऱ्या दिवशी आई आणि मी त्यांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा, थेंब टाकत चला. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाड दिसते मले. खडूचं सूत जाड मारलं तं ते बी दिसते. बारीक म्हणशीन तं नाई दिसत." उतरताना म्हणाले, "कोणाले सांगू नका."

तेव्हापासून आमची वेगळीच रीत सुरू झाली. सकाळी अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बाबा जाड रेघा भरायचे. जेवणाच्या सुमाराला 'सुकाले ठेवतो' म्हणून पाटी आत आणायची, दार लोटायचं आणि बारीक मी टाकायची. बॅनर मोठा असला तर कापडाचे तुकडे करून आत न्यायचे, मग आई ते शिवायची. मी रेघ ओढत असताना बाबा भिंतीला टेकून बसत आणि ऐकत. ब्रश लाकडावरून सरकताना बारीकसा आवाज होतो, तो त्यांना पुरेसा होता. "अडली नं?" ते म्हणायचे, आणि खरोखरच अडलेली असायची. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं, पाटीवर नाक लावून म्हणायचं, "पेंटर भाऊ, हे बारीक काम तुमीच करू जाणे." बाबा पैसे खिशात टाकत. मी चहा आणून द्यायची. पहिले काही महिने मला त्यात मजा वाटली, नंतर ती वाटेनाशी झाली. माझी रेघ त्यांच्या नावानं गावभर लटकत होती आणि मी त्याच गावात कपबशा विसळत होते. हे मी कोणाजवळ बोलले नाही, आईजवळही नाही, पण हातातून कपबशा मात्र फार फुटायला लागल्या.

गिऱ्हाइकं कटकट करत नसत असंही नाही. घुग्घुसचा एक ट्रकवाला त्याच्या ऑफिसची पाटी घेऊन परत आला. कोळशाच्या धुळीनं तीन महिन्यांत सगळ्या बारीक रेघा गिळल्या होत्या, नुसते खांब उरले होते. तो म्हणाला, "भाऊ, हे वाचताच येत नाई. सगळं जाड करून द्या, रस्त्यावरून दिसलं पाहिजे फक्त." बाबा म्हणाले, "मी तसं काम करत नाई." ट्रकवाला हसला, त्याला वाटलं हा माणूस भाव खातो आहे. मलाही तेच वाटलं. बाबांना आपल्या अक्षराचा फार अभिमान आहे, असं आई म्हणायची, आणि अभिमान कधीकधी सगळ्या घराला पुरून उरतो असं मी मनात म्हणायची. ती पाटी मी पुन्हा केली, होती तशीच. आणखी तीन महिन्यांनी तो तिसऱ्यांदा आलाच नाही.

माझे शाळेतले चित्रकलेचे सर हे गुपित ओळखून होते. त्यांना मी सांगितलं नव्हतं, त्यांनी रेघ बघून ओळखलं. शाळेत फळ्यावरची सुविचाराची चौकट मीच आखायची. नागपूरला त्यांच्या ओळखीचं एक जाहिरातींचं ऑफिस होतं, तिथं हातानं अक्षरं काढणारं माणूस हवं होतं. ही गोष्ट सर सांगायला आले त्या वर्षी मी अठरा वर्षांची होते. मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "जाय नं. मी कुठी धरलो तुले?" आणि त्याच आठवड्यात त्यांनी एका मंगल कार्यालयाची पाटी घेतली. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शिरोरेषा. मी गेले नाही. सरांना सांगितलं की घरी अडचण आहे. ते नुसतं 'बरं' म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. बाजाराच्या दिवशी मी कामाशिवाय स्टँडवर जाऊन उभी राहायची, बस सुटेपर्यंत थांबायची आणि भाजी न घेताच परत यायची.

दुसऱ्या वर्षी, दिवाळी सरल्यावर, सर पुन्हा आले. सोमवारी सकाळी ऑफिसात हजर राहायचं, त्यांच्यासमोर अक्षरं काढून दाखवायची, पसंत पडली तर लगेच काम. "मंदा, तिसऱ्यांदा मी येणार नाही," सर म्हणाले. त्यांनी ते बाबांसमोरच म्हटलं, मुद्दाम. बाबा ब्रश धूत होते, धूतच राहिले. मी म्हटलं, "जाते मी. रविवारी बाराच्या बसनं. मावशीकडं राहीन." कोणी हो म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. आईनं तेवढं माझं लुगड्याच्या काठाचं पोलकं बाहेर काढून, धुऊन वाळत घातलं.

आता या दिवाळीनंतरच्या दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडप पडतात, वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकमध्ये पडदे भरून निघतात, आणि पेंटरला जेवायलाही फुरसत नसते. त्या वर्षी शेवंताबाईंच्या कंपनीचा मोठा बॅनर आमच्याकडे होता. शेवंताबाई आधी नाटकात काम करायच्या, नवरा गेल्यावर कंपनीच चालवायला लागल्या. ठसठशीत कुंकवासारखी गोल टिकली, पानाचा डबा, आणि बोलणं असं की शेवटच्या रांगेला ऐकू जावं. नाटकाचं नाव होतं 'भाऊ, माझी राखी परत दे'. बॅनर तेरा हात लांब. सोमवारी न्यायचा ठरला होता. माझा हिशेब साधा होता, रविवारी सकाळी तुकडे आत घ्यायचे, बारीक टाकायचं, बाराच्या आत हात धुवून मोकळं व्हायचं.

रविवारी नऊ वाजता दारात जीप थांबली. शेवंताबाई उतरल्या. पहिला प्रयोग एक दिवस अलीकडे आला होता, बॅनर आजच हवा होता. आणि आमच्या नशिबानं त्यांना कापडाला शिवण चालणार नव्हती. मागच्या वर्षी शिवणीवर वारा भरून अर्धं नाव उडालं होतं. त्यांनी सोबत अखंड कापड आणलं होतं. ड्रायव्हरनं ते आमच्या बाहेरच्या भिंतीवर ताणून खिळे ठोकले. बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "करा भाऊ, आरामात करा. तुमची ते बारीक रेघ पडताना एकदा डोळ्यानं पाहाची आहे मले."

बाबांनी आखणी केली. जाड सुतानं, नेहमीपेक्षा जाड. मग ते भरू लागले आणि मी रंगाचे डबे धरून इकडून तिकडे फिरू लागले. मला उभं राहवत नव्हतं. आईनं दोनदा आत बोलावलं, मी दोनदा जाऊन काहीच न करता बाहेर आले. दहा वाजले, साडेदहा वाजले. भिंतीवर लाल खांबांची रांग उभी राहिली, शिरोरेषा नाही, जोड नाहीत. आईनं शेवंताबाईंना आत जेवायला बोलावलं, अंबाडीची भाजी आणि भात तयार होता. बाई म्हणाल्या, "जेवण कुठी पळून राह्यलं? आधी हे होऊ द्या." अकरा वाजले. बाबांनी हात धुतले. ब्रश धुतला. पुन्हा हात धुतले.

"आता टाका भाऊ ते बारीक," शेवंताबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

बाबांनी लांब केसांचा ब्रश उचलला. तारपीन अचूक घातलं, ती सवय हाताला होती. मग ते भिंतीकडे गेले आणि त्यांनी ब्रश टेकवायला हात वर केला. टोक अक्षरांच्या वर चांगलं वीतभर होतं. तिथून रेघ ओढली असती तर ती कापडाच्या काठावरून भिंतीवर गेली असती. बाबांचा हात हवेत थांबला. मला दिसत होतं की त्यांना काहीच दिसत नाही आणि तरीही ते ओढणार आहेत. स्टँडवर कंडक्टर ओरडला. माझ्या अंगात काय शिरलं ते शिरलं.

"बाबाले दिसत नाई!" मी ओरडले. "दोन साल झाले दिसत नाई. बारीक मीच टाकते सगळं. द्या इकडं तो ब्रश, माही बस सुटून राह्यली."

अंगणात शेजारचे दोघं-तिघं होते, ड्रायव्हर होता, आई दारात होती. बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला. मी स्टुलावर चढले आणि एका टोकापासून, ड्रायव्हर खालून स्टूल सरकवत असताना, दुसऱ्या टोकापर्यंत ती रेघ ओढली. स्टूल तीन वेळा सरकलं आणि हात एकदाही थांबला नाही. तशी रेघ मला पुन्हा कधी जमली नाही, संगणकावरही नाही. मग खालचे जोड टाकले, इंग्रजीसारखे पाय फोडले, आणि सगळं संपवलं. पावणेबारा झाले होते. शेवंताबाई उठल्या. बॅनरकडे त्यांनी फार पाहिलं नाही. त्या बाबांना हळू आवाजात म्हणाल्या, त्यांचा हळू आवाज म्हणजे अंगणभर, "भाऊ, मी तं मागच्या सालीच म्हटली होती, सगळं जाड करा म्हून. मागं बसलेल्या मानसाले जाडच दिसते. ते तं तुमाले येत होतं नं?"  मला तेव्हा त्या बोलण्यातलं काही कळलं नाही, मी पिशवी शोधत होते.

आई स्टँडपर्यंत आली. भाकरी आणि झिंग्यांची चटणी तिनं खिडकीतून दिली. "असं सांगते काय कोणी?" एवढंच म्हणाली. बस सुटली. मी चंद्रपूर येईपर्यंत रडले आणि त्यानंतर चटणीभाकरी सगळी खाल्ली, लाज वाटली तरी खाल्ली.

नागपूरला माझी अक्षरं पसंत पडली. कशी पडली, कोण काय म्हणालं, ते इथं नको. पोचल्याचं पत्र मी जाड मार्करनं लिहिलं, बाबांना वाचता यावं म्हणून. एका पोस्टकार्डावर दहा-बारा शब्द मावले. त्यात माफी मागायला जागा उरली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. उत्तर आलं नाही. रविवार आला की मी मावशीची भांडी घासायची, फरशी पुसायची, तिच्या मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायची आणि दुपार झाली की उगाच गच्चीवर जाऊन यायची. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी पहिल्या बसनं राजुऱ्याला गेले.

स्टँडच्या बाहेर पडले आणि थबकले. समोरच्या हॉटेलावर नवी पाटी होती. उभी रेघ जाड, आडवीही जाड, शिरोरेषा बोटभर. पुढे पीठगिरणीवर तशीच, सायकलवाल्याकडे तशीच. कुठंही बारीक रेघ नाही. आणि पाट्या चांगल्या होत्या. ऐटदार नव्हत्या, पण चौकातून नीट वाचता येत होत्या, अक्षरांच्या मधली जागा अशी राखली होती की त्यातलं एकही अक्षर दुसऱ्याच्या अंगावर येत नव्हतं. हा हात कोणाचा हे मला सांगावं लागलं नाही. घरी अंगणात आणखी चार पाट्या वाळत होत्या. त्यातली एक घुग्घुसच्या त्या ट्रकवाल्याची होती.

आईनं पान वाढलं. भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या दाण्यांची भाजी, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर चिरून. बाबा शेजारी बसले. बोलणं इकडचं तिकडचं झालं, मावशीचं, बसच्या गर्दीचं.  शेवटी मी विचारलं, "बाबा, हे तुमाले आधीपासून जमत होतं?"

"हो."

"डोळे गेले तेव्हापासून?"

"जाड दिसते म्हून सांगतलं होतं नं मी तुले. बसमध्ये."

"मंग आधीच काऊन नाई केलं? गिऱ्हाईक मागून राह्यले होते. शेवंताबाई मागत होत्या."

बाबांनी भातात बोटं फिरवली. "केलो असतो तं तू तेव्हाच गेली असती," ते म्हणाले.

मी ताटावरून उठले. आई 'बस, बस' म्हणत होती. आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे आणि तो राग मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण त्यात शंभर टक्के मी बरोबर होते. दोन वर्षं. सरांना दिलेला नकार. बंद दारामागच्या त्या सगळ्या दुपारी. मला वाटत होतं की माझ्यावाचून हे घर बसेल, म्हणून मी थांबले होते. आणि या माणसाला माझी रेघ नकोच होती, त्याला मी हवी होते.

"मागच्या साली सर आले तेव्हा मी तुमच्यापायी नाई म्हटली!" मी ओरडले.

"मालूम आहे मले."

"अन् गेली असती तं काय झालं असतं? मी दर रविवारी आली असती. दर रविवारी!"

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वर केली. त्यांचे डोळे मी होते तिथून थोडे बाजूला होते.

"हे मले कोणी सांगतलं होतं, मंदे?" ते म्हणाले.

कोणीच सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून रेघा ओढल्या, पण मनात सारखी निघण्याची घाई होती. परत येईन हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. मी पुन्हा खाली बसले. आईनं न विचारता आणखी भात वाढला. पाचच्या बसनं मी नागपूरला परत गेले, आणि पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही आले.